बिऱ्हाड हलवताना: आधी शाळा, मग घर

पुण्यात बदली झाली किंवा नवी नोकरी मिळाली की बहुतेक कुटुंबे आधी ऑफिसचा पत्ता नकाशावर शोधतात, त्याच्या आसपास परवडेल असे भाड्याचे घर पाहतात आणि घर ठरल्यावर जवळ शाळा कोणती आहे याची चौकशी करतात. मूल बालवाडीत किंवा पहिली-दुसरीत असेल तर हा क्रम चालून जातो. मूल सहावी ते दहावीच्या दरम्यान असेल तर मात्र तो उलटा करावा लागतो, हे आम्ही नागपूरहून पुण्याला आलो तेव्हा चूक करून शिकलो. नोकरी हिंजवडीत, म्हणून घर वाकडला घेतले आणि मुलीसाठी मनासारखी शाळा मिळाली ती कर्वे रस्त्याच्या बाजूला. आठवीतली मुलगी पहाटे साडेपाचला उठायची, परतल्यावर जेवून झोपायची आणि संध्याकाळी खेळायला जाण्याइतके त्राण तिच्यात उरत नसे. भाडेकरार संपल्यावर आम्ही कोथरूडला राहायला गेलो, तेव्हा मोठ्यांचा रोजचा प्रवास वाढला आणि तिची संध्याकाळ तिला परत मिळाली. लांबचा प्रवास मोठ्यांनी करावा आणि मुलांचा दिवस घराच्या आसपास राहावा, ही एकच गोष्ट धरून पुढचे सगळे टप्पे सांगतो.

आधी इयत्ता पाहावी

शाळा कोणती, या प्रश्नाच्याही आधी मूल कोणत्या इयत्तेत असताना गाव सोडायचे हे ठरवावे, कारण काही वर्षे बदलाला मोकळी असतात आणि काही नसतात. सहावी आणि सातवी ही वर्षे सोयीची आहेत. सातवी संपवून आठवीत नव्या शाळेत जाणे हा आमच्या मते सर्वांत चांगला मुहूर्त. राज्य मंडळाच्या अनेक शाळांत आठवीपासून तुकड्या नव्याने पडतात, त्यामुळे जुनी मुलेसुद्धा एकमेकांना थोडी नवी असतात. आठवी संपवून नववीत जाणेही जमते. नववी आणि दहावी यांच्या मध्ये मात्र शक्यतो शाळा बदलू नये.

सीबीएसईमध्ये विद्यार्थ्याची नोंदणी नववीतच होते आणि नववी-दहावी हा दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम मानला जातो. थेट दहावीत प्रवेश हवा असेल तर पालकांची बदली किंवा कुटुंबाचे स्थलांतर यांसारखे कारण कागदपत्रांसह दाखवावे लागते, मंडळाची परवानगी घ्यावी लागते आणि नववीत घेतलेले विषय नव्या शाळेत असावे लागतात. राज्य मंडळाच्या शाळेतही दहावीत नव्याने आलेल्या मुलाला भाषांची निवड, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आणि प्रात्यक्षिके हे सगळे अर्ध्या वाटेवरून उचलावे लागते. म्हणून मूल नववीत असताना बदलीचा हुकूम आला, तर घरातल्या एकाने पुढे जावे, दुसऱ्याने किंवा आजी-आजोबांनी मुलापाशी थांबावे आणि दहावीची परीक्षा जुन्याच शाळेतून होऊ द्यावी. दोन घरांचा खर्च जड जातो हे खरे आहे, तरी तो एका वर्षाचाच असतो. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले असल्यामुळे दहावी नागपूरला, जळगावला किंवा लातूरला केलेल्या मुलाला पुण्यातल्या महाविद्यालयासाठी गावात बसूनच अर्ज भरता येतो.

वर्षातला महिनाही महत्त्वाचा आहे. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, विदर्भात उन्हामुळे त्याहून उशिरा, जूनच्या अखेरीस. सीबीएसईच्या बहुतेक शाळांचे नवे वर्ष एप्रिलच्या सुरुवातीलाच चालू होते. राज्य मंडळातून राज्य मंडळात जाणाऱ्यांनी मे महिन्यात सामान हलवावे. विदर्भातून येणाऱ्यांनी मात्र पुण्यातली शाळा आपल्या आधी उघडते हे लक्षात ठेवून दाखल्याचे काम एप्रिलमध्येच उरकावे. सीबीएसईत जायचे असेल आणि कुटुंब मेमध्ये हलणार असेल, तर एप्रिलचा अभ्यास बुडालेला असेल हे धरून चालावे आणि तो कसा भरून देणार हे शाळेला प्रवेशाच्या वेळीच विचारावे. वर्षाच्या मध्येच यावे लागले तर दिवाळीची सुट्टी हा त्यातल्या त्यात बरा काळ असतो, कारण राज्य मंडळाच्या शाळांचे दुसरे सत्र तिच्यानंतर सुरू होते.

परराज्यातून महाराष्ट्रात परतणाऱ्यांसाठी

बंगळूर, हैदराबाद, इंदूर, सुरत येथे दहा-पंधरा वर्षे नोकरी करून मुलांच्या शिक्षणासाठी पुण्याला परतणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या बाबतीत एक नियम असा आहे की तो उशिरा कळला तर काहीच करता येत नाही. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या वाट्याच्या जागांवर प्रवेश हवा असेल, तर उमेदवाराला महाराष्ट्राचा अधिवास असणे पुरेसे नसते. त्याने दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या संस्थेतून उत्तीर्ण केलेल्या असाव्या लागतात. शासकीय महाविद्यालयांत अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा वगळता उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या वाट्याच्या असतात, म्हणजे प्रश्न थोड्याथोडक्या जागांचा नाही. दहावी बंगळूरला करून अकरावीला पुण्यात आलेली मुलगी, आईवडील दोघेही सातारचे असले आणि घरात मराठीच बोलली जात असली तरी, या जागांच्या बाहेर पडते. केंद्र सरकारच्या आणि संरक्षण दलाच्या सेवेतील बदलीपात्र कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काही अपवाद आहेत, पण त्यांच्या अटी बारकाईने लिहिलेल्या असतात; त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुळातून वाचल्याशिवाय त्यांवर विसंबू नये.

अभियांत्रिकीच्या राज्यस्तरीय प्रवेशात आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असल्यास वेगळ्या प्रकाराखाली उमेदवारी मिळते, म्हणून तिथली अडचण तितकी कठोर नाही. परंतु आठवीतल्या मुलाला पुढे डॉक्टर व्हायचे आहे की अभियंता, हे आठवीत कोण सांगणार? म्हणून परतायचेच असेल तर आठवी संपताच परतावे, म्हणजे नववी-दहावी इथे होईल आणि दोन्ही वाटा खुल्या राहतील.

परतणाऱ्या मुलाची दुसरी अडचण मराठीची असते. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी हा विषय अनिवार्य झाला आहे. घरी मराठी बोलणारे, पण कन्नड किंवा तेलुगू शिकलेले मूल मराठी समजते, वाचते अडखळत आणि लिहिताना जोडाक्षरांपाशी थांबते. प्रवेशाच्या आधीचे सहा महिने रोज अर्धा तास वाचन आणि दहा ओळी शुद्धलेखन एवढे घरी करून घेतले तरी पहिल्या चाचणीची धास्ती पुष्कळ कमी होते. मराठी कोणत्या स्तरावर घेता येईल, प्रथम भाषा म्हणून की द्वितीय किंवा तृतीय, हे शाळेत आधी विचारावे, कारण त्यांची पुस्तके वेगळी आणि अवघडपणाही वेगळा असतो.

मंडळ आणि माध्यम

राज्य मंडळ चांगले की सीबीएसई, या वादात शिरण्याऐवजी मूल आता ज्या मंडळात आहे तेच शक्यतो पुढे चालू ठेवावे, असे आमचे मत आहे. गाव, मित्र, घर सगळे एकदम बदलत असताना पुस्तके तरी ओळखीची राहावीत. मंडळ बदलणे अटळ असेल तर फरक नेमका कुठे आहे हे माहीत असावे. राज्य मंडळाच्या दहावीला तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे असे सहा विषय मिळून ६०० गुणांची परीक्षा होते आणि टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर काढली जाते. गणिताचे दोन आणि विज्ञानाचे दोन असे प्रत्येकी ४० गुणांचे पेपर असतात. सीबीएसईत साधारणपणे दोन भाषा धरून पाच मुख्य विषय असतात, गणिताचा एकच ८० गुणांचा पेपर असतो आणि तोही बेसिक व स्टँडर्ड अशा दोन पातळ्यांवर देता येतो. अकरावीत गणित घेण्याचा विचार असेल तर स्टँडर्डच घ्यावे. तीन भाषांची सवय असलेल्या मुलाला सीबीएसईत भाषांचा भार हलका वाटतो, पण विज्ञान आणि गणित यांत नववीपासून चढ लागतो. उलट बाजूने येणाऱ्या मुलाचे विज्ञान चांगले असते आणि ते मराठी व संस्कृतमध्ये अडते.

मराठी माध्यमातल्या मुलांसाठी पुण्यात सेमी इंग्रजीची सोय अनेक शाळांत आहे. त्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळे मराठीतून शिकवले जाते. ते काही ठिकाणी पाचवीपासून तर काही ठिकाणी आठवीपासून सुरू होते. पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला आठवीपासून सेमी इंग्रजी सुरू होणारी शाळा पाहावी, म्हणजे सगळ्यांच्याच बरोबरीने सुरुवात होते. थेट इंग्रजी माध्यमात टाकण्याचा मोह आठवी-नववीत आवरावा. इतिहासाचे उत्तर ज्याला मराठीत पानभर लिहिता येत होते, ते मूल इंग्रजीत तीन ओळींवर थांबते आणि आपल्याला काही येत नाही असे त्याला वाटू लागते, हे आम्ही नात्यातच पाहिले आहे.

दोन लहान गोष्टी इथेच सांगायला हव्यात, कारण त्या प्रवेशाच्या धावपळीत निसटतात. मुलाने इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिली असेल तर राज्य मंडळाच्या दहावीत श्रेणीप्रमाणे ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात. मंडळ बदलले की त्यांचा उपयोग राहत नाही. आठवीत एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा देऊन शिष्यवृत्ती मिळवलेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, पण त्यासाठी शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतच शिकत राहावे लागते. विनाअनुदानित खासगी शाळेत नाव घातले की ती बंद होते.

शाळेची पारख

पुण्यात शाळा शोधताना नव्या माणसाच्या डोळ्यांत आधी मोठ्या फलकांच्या नव्या शाळा भरतात. पेठांमधल्या जुन्या अनुदानित शाळा, जसे १८८० मध्ये सुरू झालेले न्यू इंग्लिश स्कूल, १८८३ ची नूतन मराठी विद्यालय, मुलींसाठी १८८४ मध्ये सुरू झालेली हुजूरपागा, या इमारतींकडे पाहून कुणी पुढे निघून जाऊ नये. अनुदानित शाळेचे शुल्क खासगी शाळेच्या मानाने फारच थोडे असते आणि वाचलेला पैसा शाळेजवळच्या महाग भाड्यात घातला तरी हिशेब बरोबरीला येतो. बदलीवर आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

शाळा कोणतीही असो, तिचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे शासनाकडचा शाळेचा ओळख क्रमांक, मागून घ्यावा (महाराष्ट्रातल्या शाळांचा तो २७ ने सुरू होतो) आणि शासनाच्या संकेतस्थळावर ती शाळा कोणत्या इयत्तेपर्यंत मान्यताप्राप्त आहे ते पाहावे. सीबीएसई म्हणवणाऱ्या शाळेचा संलग्नता क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर तपासावा. फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ संलग्नता आहे असा होत नाही, आणि संलग्नता आठवीपर्यंतचीच असेल तर दहावीच्या परीक्षेला मुलाला दुसरीकडून बसवले जाईल की काय, हे स्पष्ट शब्दांत लेखी घ्यावे. शुल्काबाबत २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे आणि त्यानुसार शुल्क ठरवण्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला स्थान आहे, म्हणून मंजूर शुल्काचा तक्ता मागणे हा पालकाचा अधिकार आहे. प्रवेशासाठी देणगी मागण्यास १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे.

भेटीला गेल्यावर दहावीच्या निकालाची टक्केवारी सगळेच सांगतात. तिच्यापेक्षा एक प्रश्न जास्त उपयोगी आहे: दोन वर्षांपूर्वी नववीत किती मुले होती आणि त्यांतली किती याच शाळेतून दहावीला बसली? काही शाळांत निकाल शंभर टक्के ठेवण्यासाठी अभ्यासात मागे असलेल्या मुलांना नववीत नापास केले जाते किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सुचवले जाते. ज्या शाळेत हे दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत, तिचा निकाल शंभराऐवजी चौऱ्याण्णव असला तरी ती शाळा आपल्या मुलाला सांभाळील असे मानायला हरकत नाही. हा प्रश्न मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारावा आणि शाळा सुटताना फाटकाबाहेर थांबलेल्या पालकांनाही विचारावा. वर्गात किती मुले आहेत, गणित-विज्ञानाचे शिक्षक किती वर्षे टिकून आहेत, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर धूळ आहे की नाही आणि मैदान खरोखर वापरले जाते का, एवढे डोळ्यांनी पाहता येते. भेटीला मुलालाही बरोबर न्यावे. आमच्या मुलीने एक शाळा केवळ तिथले ग्रंथालय कुलूपबंद पाहून नाकारली होती आणि तिचे बरोबर होते असे आज वाटते.

शाळेभोवती घर

दोन शाळा पसंत पडल्या की त्यांच्याभोवती तीन किलोमीटरचे वर्तुळ काढावे आणि त्यातच घर शोधावे. या वयाचे मूल तेवढे अंतर सायकलने किंवा एका सरळ बसने स्वतः जाऊ शकते, मित्राकडे थांबू शकते, शाळेच्या संमेलनाच्या तालमींना उशिरापर्यंत राहू शकते. पेठांतल्या आणि कर्वे रस्त्याच्या शाळांसाठी कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे आणि सिंहगड रस्त्याचा शहराकडचा भाग पाहावा. जे घर वनाझ ते रामवाडी किंवा पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मेट्रो मार्गांच्या एखाद्या स्थानकाजवळ आहे, त्याने मोठ्यांचाही प्रवास सोपा होतो. नोकरी हिंजवडीला असून तिकडेच राहायचे असेल तर बाणेर, औंध किंवा निगडी प्राधिकरण पाहावे. तिथे शाळा, मैदाने आणि बाजार चालत जाण्याच्या अंतरात आहेत. खराडी, विमाननगरला नोकरी असणाऱ्यांनी वाघोलीचे स्वस्त भाडे पाहून लगेच हो म्हणू नये. नगर रस्त्यावरची सकाळची गर्दी शाळेच्या बसलाही चुकत नाही.

घर पाहायला सकाळी अकराला न जाता शाळेच्या वेळी जावे. त्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता सकाळी साडेसहाला एकदा आणि शाळा सुटण्याच्या वेळी एकदा स्वतः करून पाहावा, शक्य असेल तर पावसात. दोन मुले असतील तर वेळांची सांगड आधीच पाहावी, कारण चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत असा शासनाचा निर्णय २०२४ मध्ये आला आणि माध्यमिकची पाळी अनेक ठिकाणी सकाळी सातचीच असते, म्हणजे एकाच शाळेतल्या भावंडांना दोनदा सोडायला जावे लागते. बसने पाठवायचे असेल तर बसमध्ये महिला सहायक आहे का आणि शाळेची परिवहन समिती भरते का, हे विचारावे; २०११ च्या स्कूल बस नियमांत या दोन्ही गोष्टी आहेत.

पाण्याचा प्रश्न वेगळा विचारावा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली, पण त्यांतल्या बऱ्याच भागांत सोसायट्या आजही टँकरवर चालतात आणि तो खर्च देखभाल शुल्कात येतो. मे महिन्यात टँकर किती येतात, हे घरमालकाऐवजी सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला विचारावे. भाडेकरार नोंदणीकृतच करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि शाळेपासून बँकेपर्यंत सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून तोच लागतो. पहिला करार अकरा महिन्यांचाच ठेवावा आणि पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नये.

कागदपत्रे

शाळा सोडल्याचा दाखला हातात घेण्याआधी जनरल रजिस्टरमधले नाव, वडिलांचे व आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जातीची नोंद अक्षर न अक्षर तपासावी आणि ती आधार कार्डाशी जुळते का ते पाहावे. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतो. दाखला निघाल्यावर तेच काम फार अवघड होते, आणि जात पडताळणीच्या वेळी याच नोंदीवर सगळे अडते. परराज्यातल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षण अधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी अनेक शाळा मागतात, म्हणून ती निघण्यापूर्वीच घ्यावी. जुन्या शाळेने मुलाची नोंद सरल आणि यू-डायस प्लस या शासनाच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदणी प्रणालींतून मुक्त केल्याशिवाय नव्या शाळेला ती आपल्याकडे घेता येत नाही, तेव्हा जुन्या शाळेतल्या लिपिकांचा दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावा. पहिली ते आठवीच्या मुलाला शासकीय किंवा अनुदानित शाळेत जायचे असेल तर दाखला उशिरा येतो म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ सांगते. कुणी अडवलेच तर शांतपणे त्या कलमाचा उल्लेख करून लेखी उत्तर मागावे.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या घटक चाचणीपर्यंत शिकवणी लावू नये. कोणत्या विषयात खरी तूट आहे हे त्या चाचणीनंतर वर्गशिक्षकांशी बोलून कळते, आणि तोवर मुलाच्या संध्याकाळी मोकळ्या राहिल्या तर त्याला गल्लीत एखादा मित्र मिळतो. भाडेकरार संपण्याच्या दोन महिने आधी मात्र मुलाला समोर बसवून विचारावे, की इथेच राहायचे की शाळेच्या आणखी जवळ जायचे, आणि नव्या घराचा शोध त्याच्या उत्तरानंतर सुरू करावा.